हेडलाइटची पिवळी पडलेली काच घरच्या घरी साफ करताना

प्रश्न असा आहे: बोरिवलीतली नऊ वर्षांची हॅचबॅक, सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. दोन्ही हेडलाइट पिवळट-धुरकट झालेत, उजवा जास्त. रोजच्या पुसण्याने बारीक चरेही पडलेत. पावसात रात्री घोडबंदर रोडला समोरचं धड दिसत नाही. गॅरेजवाला दोन्ही हेडलाइट बदलायला सांगतो. टूथपेस्टने घासून पाहिलं, पंधरा दिवसांत पुन्हा होतं तसं झालं. पार्किंगमध्ये प्लग नाही. घरच्या घरी नीट करता येईल का, आणि किती टिकेल?

करता येईल. प्लग नसला तरी चालेल, सगळं काम हाताने होतं. दोन्ही दिव्यांना मिळून तीन-चार तास धरा. मात्र घासून काच चकचकीत झाली की काम झालं, असं समजू नका. तिथे निम्मंच काम होतं. घासल्यावर जो नवा संरक्षक थर चढवाल, खरी दुरुस्ती ती. तो थर नसेल तर तुम्ही टूथपेस्ट वापरा नाहीतर महागातलं कंपाउंड, काच पुन्हा पिवळी पडणारच.

याचं कारण त्या काचेतच आहे. आपण सवयीने काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या आणि अँबेसेडरच्या गोल दिव्यांना खरी काच होती, म्हणून वीस-वीस वर्षं रस्त्यावर धावलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींचे दिवे पिवळे पडले नाहीत. पॉलिकार्बोनेट हलकं असतं, खडा लागला तर फुटत नाही, हवा तो आकार घेतं. त्याचे दोष दोन: ते मऊ असल्याने पटकन चरे पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पारदर्शक कडक थर चढवलेला असतो. हा थर इतका पातळ असतो की मोजायचा तर मायक्रॉनमध्येच. ऊन, समुद्राची खारी हवा, धूळ आणि रोजचं घासणं यांनी हा थर आधी बारीक भेगाळतो, मग कडेपासून सुटायला लागतो. उघड्या पडलेल्या प्लॅस्टिकला ऊन लागलं की ते पिवळं होतं. तुम्हाला दिसणारा धुरकटपणा म्हणजे हा अर्धवट मेलेला थर आणि त्याखालचं पिवळं प्लॅस्टिक.

उजवा दिवा जास्त खराब झाला, कारण गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून उभी राहते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंतचे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं ऊन ज्या दिव्यावर पडतं तो आधी जातो.

टूथपेस्टने काय झालं ते आता लक्षात येईल. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती वरची धूसर पापडी थोडी कमी करते आणि दिवा उजळल्यासारखा वाटतो. जुना थर तसाच राहतो, जिथे तो निघाला तिथे प्लॅस्टिक उघडं पडतं, आणि नवा थर तर आपण दिलेलाच नसतो. डास पळवणारं मलम किंवा स्प्रे चोळण्याचा प्रकार याहून वाईट. त्यातल्या बऱ्याच उत्पादनांत डीट हे रसायन असतं आणि ते प्लॅस्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवतं. ओलं असताना काच आरशासारखी दिसते, पण नंतर ती चिकट आणि आणखी धूसर होते. स्प्रेचं तेल किंवा शोरूममधली चमक आणणारी पॉलिशं चऱ्यांत भरून राहतात, एका पावसात धुऊन जातात.

हातात पेपर घेण्याआधी धूसरपणा कुठे आहे ते पाहा. दिवा स्वच्छ धुऊन पुसा, मग त्यावर पाण्याचा फवारा मारा. ओली असताना काच बरीचशी स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून जाईल. पाणी बारीक खड्ड्यांत भरतं म्हणून काच तेवढ्यापुरती पारदर्शक दिसते. ओली करूनही फरक पडला नाही, तर धूसरपणा आतून आहे किंवा भेगा प्लॅस्टिकच्या पोटात गेल्या आहेत. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आतून चमकताना दिसल्या तर घासून त्या जाणार नाहीत. तसा दिवा बदलणंच योग्य.

दुसरं म्हणजे चरे. नखाला अडकत नाहीत ते चरे जातील. नख अडकेल असा खोल चरा पूर्ण काढण्याच्या मागे लागू नका. त्या एका जागी जास्त घासलं तर तिथे खोलगट भाग तयार होतो आणि प्रकाश वाकडा पडतो. चऱ्याच्या कडा बोथट होऊन तो फिका पडला, तरी रात्रीच्या उजेडात फरक जाणवत नाही.

एक सावधगिरी. थर शाबूत असेल, पिवळेपणा नसेल आणि फक्त कपड्याचे बारीक चरे असतील, तर पेपर लावूच नका. बारीक पॉलिशने हलक्या हाताने घासा आणि थांबा. पेपर लावला की कारखान्याचा थर जातो, आणि तसा थर घरी कुणालाच देता येत नाही. तुमच्या वर्णनावरून तुमचा थर आधीच गेलेला आहे, त्यामुळे पूर्ण काम करावं लागेल.

सामान फार नाही. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा काळपट पॉलिश पेपर, ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचा, प्रत्येकी एक पान. एका पानाचे चार तुकडे करा, दोन दिव्यांना पुरतात. पापडी सुटत असेल तर ६०० चाही एक पान घ्या. ३००० नंबर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाही. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात मिळतो, किंवा मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटला एकाच फेरीत सगळे नंबर मिळतात. एक इंच रुंदीचा मास्किंग टेप घ्या. पॅकिंगचा खाकी टेप नको, उन्हात त्याचा गोंद रंगावर राहतो. हाताच्या मुठीएवढा घट्ट स्पंजचा तुकडा, फवाऱ्याची बाटली, दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, चार-पाच मायक्रोफायबर फडकी, रबिंग कंपाउंड आणि त्याहून बारीक फिनिशिंग पॉलिश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि नायट्राइलचे हातमोजे. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांपैकी काहीही दिव्याजवळ आणू नका. पॉलिकार्बोनेटला ते लागलं की ताणाखाली असलेल्या जागी, विशेषतः कडांना, झटकन तडे जातात आणि त्यावर उपाय नाही. काच पुसायच्या निळ्या द्रवात अमोनिया असेल तर तोही टाळा.

कामाला सावली पाहिजे. तापलेल्या काचेवर पाणी लगेच वाळतं आणि पेपर कोरडा घासला जातो. सकाळी सात-साडेसातला सुरुवात करणं उत्तम. मुंबईत या कामाचा सर्वांत चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते. आत्ताच पावसात त्रास होतोय म्हणून भर जुलैत करायचं असेल तर छत असलेली जागा शोधा आणि थर कोणता द्यायचा ते खाली सांगितल्याप्रमाणे ठरवा. मोसमी पाऊस मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास येतो, त्यामुळे मेअखेरीपर्यंत हे उरकून घेणं केव्हाही बरं.

आधी बंपर, बॉनेट आणि दिवे शॅम्पूने धुवा. धुळीचा एक कण पेपरखाली आला तरी तो मोठा चरा पाडतो. आता मास्किंग. बॉनेट उघडा, दिव्याची वरची कड नीट पुसा, आणि दिव्याला लागून असलेल्या बॉनेट, फेंडर आणि बंपरच्या कडांवर टेपचे दोन-तीन थर द्या. लोक इथे घाई करतात आणि मग बंपरच्या रंगावर पेपर फिरतो. बंपरच्या कडेवरचा रंग फारच पातळ असतो, ८०० च्या पेपरचे चार हात फिरले की खालचं काळं प्लॅस्टिक दिसतं. मग हेडलाइट वाचवायच्या नादात बंपर रंगवावा लागतो.

पेपरचे तुकडे पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा, पाण्यात दोन थेंब शॅम्पू टाका. तुकडा स्पंजभोवती गुंडाळून घासा, बोटांनी दाबून कधीच नाही. बोटांच्या दाबाने प्लॅस्टिकमध्ये पन्हाळी पडतात आणि त्या रात्री भिंतीवर पट्ट्यांसारख्या उमटतात. पिवळेपणा भरपूर असेल तर ८०० ने सुरुवात करा, पापडी सुटत असेल तर ६०० ने, नुसता धुरकटपणा असेल तर १००० ने.

पहिला नंबर सगळ्यांत महत्त्वाचा आहे, सगळा धीर तिथे ठेवा. एका दिव्याला दहा ते पंधरा मिनिटं. आडव्या दिशेने, एकसारख्या दाबाने, पाण्याचा फवारा सतत मारत. सुरुवातीला पिवळट चिकट गाळ येईल, तो जुना थर आणि खराब प्लॅस्टिक. गाळ पांढरा आणि दुधासारखा यायला लागला की खालचं चांगलं प्लॅस्टिक लागलं. आता दिवा धुऊन, कोरडा पुसून पाहा. सगळीकडे एकसारखं दुधी, मॅट दिसलं पाहिजे. कुठे चकाकणारं बेट दिसलं तर तिथे जुना थर अजून शिल्लक आहे. अशी बेटं कडांना आणि काचेच्या वळणावर राहतात. ती राहू दिली तर शेवटी नवा थर दिल्यावर नकाशासारखी कड उमटते, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा.

पुढचा नंबर उभ्या दिशेने घासा, त्याच्या पुढचा पुन्हा आडवा. दिशा बदलल्याने आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते दिसतं. उभ्या रेषांत एक जरी आडवी रेष उरली असेल तर पुढे जाऊ नका. १००० ला सात-आठ मिनिटं, पुढच्या प्रत्येकाला पाच मिनिटं पुरतात. दर नंबरनंतर दिवा, स्पंज आणि हात धुवा, बादलीतलं पाणी बदला. ८०० चा एक कण २००० च्या पेपरखाली राहिला की लांबच लांब चरा पडतो. आणि नंबर गाळू नका. ८०० वरून थेट २००० वर उडी मारली तर दिवसा काच साफ दिसते, पण रात्री दिवा लावला की आत केसांसारख्या रेषा उजळतात, कारण ८०० च्या खोल दऱ्या २००० ने भरून निघत नाहीत. २००० नंतर काच धुक्यातून पाहिल्यासारखी दिसते, ३००० नंतर जवळजवळ पारदर्शक.

किती नंबरपर्यंत जायचं, ते पुढे कोणता थर देणार त्यावर ठरतं. हे आधी ठरवलेलं बरं, कारण इथे दोन वाटा फुटतात. हाताने पुसून लावायचं कोटिंग किंवा पीपीएफ (जाड पारदर्शक संरक्षक फिल्म) लावणार असाल तर ३००० पर्यंत जाऊन पॉलिश करायचं. क्लिअर, म्हणजे फवाऱ्याने मारायचा पारदर्शक लेप, मारणार असाल तर १००० किंवा १२०० ला थांबायचं आणि कंपाउंड अजिबात लावायचं नाही. क्लिअरला धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो, आणि कंपाउंडमधलं तेल राहिलं तर क्लिअर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे सोडून पसरतं.

पॉलिश हाताने करताना मायक्रोफायबरच्या घडीवर वाटाण्याएवढं कंपाउंड घ्या, तळहाताच्या टाचेने जोर देत, छोट्या गोलाईत दहा मिनिटं. मग दुसऱ्या स्वच्छ फडक्यावर फिनिशिंग पॉलिश. दमायला होतं, पण होतं. बॅटरीवर चालणारा ड्रिल असेल तर तीन इंची फोमचा पॅड लावा, वेग मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांच्या आत ठेवा आणि पॅड एका जागी थांबवू नका. पॉलिकार्बोनेटला उष्णता सोसत नाही. घर्षणाने पृष्ठभाग मऊ होऊन सरकतो, मग तिथे लाट येते किंवा पांढरा डाग पडतो. काच हाताला कोमट लागली तर ठीक, गरम लागली तर थांबा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळून पुसा. ही नुसती सफाई नाही, तुमच्या कामाची परीक्षाही आहे. पॉलिशमधलं तेल निघाल्यावर खरा पृष्ठभाग दिसतो. पुसल्यावर काच पुन्हा फिकी झाली तर पॉलिश कमी पडलंय किंवा मधला एखादा नंबर नीट झालेला नाही. परत २००० वर जा. अजून पिवळी झाक असेल तर ती पॉलिशने जाणार नाही, ८०० पासूनच घ्यावं लागेल.

आता थर. काच तयार झाल्यावर त्याच दिवशी द्या, "पुढच्या रविवारी करू" म्हणू नका. उघडं पॉलिकार्बोनेट आहे, त्याला ऊन लागायला लगेच सुरुवात होते.

सगळ्यात सोपं म्हणजे हेडलाइटसाठीचं हाताने लावायचं कोटिंग. काही थेंब कापडावर घ्यायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढायचे, प्रत्येक हात आधीच्या हातावर थोडासा चढेल असा. अर्धवट वाळलेल्या जागी परत कापड फिरवलं की ओघळ आणि पट्टे दिसतात. चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही. उघड्या पार्किंगमध्ये हे सहा महिने ते वर्षभर काम करतं, मग २००० आणि ३००० चा हलका हात फिरवून पुन्हा द्यायचं. नुसतं मेण लावलं तर ते मुंबईच्या पावसात काही आठवड्यांत धुऊन जातं, त्यावर विसंबू नका.

दुसरं पीपीएफ, म्हणजे रंगाच्या संरक्षणासाठी लावतात ती जाड पारदर्शक फिल्म. उघड्या पार्किंगसाठी आणि रोज पुसल्या जाणाऱ्या गाडीसाठी हेच सगळ्यांत चांगलं, कारण अतिनील किरण आणि फडक्याचे चरे दोन्ही ती अंगावर घेते. चांगली फिल्म तीन ते पाच वर्षं जाते, आणि खराब झाली की सोलून दुसरी लावता येते, काच पुन्हा घासावी लागत नाही. फिल्म पॉलियुरेथेनची असल्याची खात्री करून घ्या. रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीच्या दुकानात स्वस्तात मिळणारी पीव्हीसीची असते, ती वर्षभरात स्वतःच पिवळी पडते आणि काढताना गोंद काचेवर सोडते. धुरकट काळ्या किंवा पिवळ्या छटेची फिल्म नको, ती उजेड खाते. लावायची रीत अशी: एक लिटर पाण्यात तीन-चार थेंब बेबी शॅम्पू घालून काचेवर आणि फिल्मच्या गोंदाच्या बाजूवर भरपूर फवारा. फिल्म सरकवत जागेवर बसवा. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढत न्या. वळणावर सुरकुती आली तर फिल्म उचला, हाताने हलकेच ताणा, पुन्हा फवारा मारा. प्लग असेल तर हेअर ड्रायरने ऊब द्या. कडांना चिकटत नसेल तर तेवढ्या जागी पाण्यात दहा-पंधरा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मारा, शॅम्पूचा निसरडेपणा जाऊन गोंद धरतो. जादा फिल्म कापताना कटर बंपरच्या रंगावर टेकवू नका. आत राहिलेलं पाण्याचं धुकं चार-आठ दिवसांत आपोआप जातं. हवेचा बुडबुडा मात्र जात नाही, तो त्याच वेळी काढावा लागतो.

तिसरं टू-के क्लिअर, हार्डनर घालून मारायचं. कारखान्याच्या थराच्या सगळ्यांत जवळ जाणारं आणि टिकाऊ. तरीही सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते मारू नका असंच माझं ठाम मत आहे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा लागू शकतो, आणि कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क त्याला अडवत नाही. शेजारी मुलं खेळत असतात, जिन्यातून माणसं जात-येत असतात. दिवे १००० पर्यंत घासून, मास्किंगसकट गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या आणि त्याच्या बूथमध्ये क्लिअर मारून घ्या: पहिला अगदी हलका हात, दहा मिनिटं थांबून दोन ओले हात. बघता बघता दुधी काच पारदर्शक होते. एवढंच काम सांगितलं तर मजुरीही कमी लागते. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतील. दिवा थिनरने पुसायचा नाही, अल्कोहोलनेच पुसायचा. आणि पावसाळी दमट दिवशी क्लिअर मारायचं नाही. आयसोसायनेटची बाष्पाशी प्रक्रिया होऊन वायू सुटतो, बारीक फुगे येतात, आणि लवकर उडणाऱ्या थिनरमुळे पृष्ठभाग गार पडून पांढुरकी धुकट झाक राहते. साध्या स्प्रे कॅनमधलं, हार्डनर नसलेलं क्लिअर घेऊ नका. त्यातला थिनर प्लॅस्टिकला तडे पाडू शकतो आणि थर काही महिन्यांत सोलवटून निघतो.

तुमच्या परिस्थितीत, उघडं पार्किंग आणि रोजचं पुसणं पाहता, हाताने घासून ३००० पर्यंत जाणं आणि वर पीपीएफ, हे मी सुचवेन. भर पावसाळ्यात करायचं झालं तरी पीपीएफच, कारण ते पाण्यानेच लावायचं असतं. फक्त नंतर दोन-तीन दिवस कडांवर पाण्याचा जोरदार मारा नको.

घोडबंदरला दिसत नाही याचा सगळा दोष काचेवर टाकण्याआधी आणखी दोन-तीन गोष्टी तपासा. दिव्याच्या मागे बल्बभोवतीची रबर कॅप जागेवर आहे का? बल्ब बदलताना ती फाटते किंवा कुणी तरी काढून फेकून देतं. पंखा असलेले एलईडी बल्ब बसवले की कॅप लागतच नाही, मग पावसाळ्यात आत दमट हवा आणि धूळ जाते. काचेच्या आतून पडलेलं हलकं धुकं दिवा लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत गेलं तर ती साधी गोष्ट आहे, दिव्याला श्वास घ्यायला छिद्रं असतातच. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर मात्र सील सुटलं आहे. दिवा काढून, कॅप उघडी ठेवून उन्हात वाळवा आणि सांध्यावर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातून सुटणारी आम्लाची वाफ आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी खाते. पाणी जावं म्हणून दिव्याला भोक तर कधीच पाडू नका.

रिफ्लेक्टरला हात लावू नका, मऊ कापडही नको. त्यावर अॅल्युमिनियमचा इतका पातळ मुलामा असतो की पुसला की जातो. कॅप काढून आत टॉर्च मारल्यावर तो करडा, भाजल्यासारखा किंवा सोललेला दिसला, तर काच आरशासारखी केली तरी उजेड पडणार नाही. जास्त वॅटचे बल्ब लावल्याने असं होतं. तुमच्या गाडीत एच-४ बल्ब असेल तर तो ६०/५५ वॅटचाच हवा. आणि इंजिन चालू असताना बल्बच्या सॉकेटपाशी मल्टिमीटर लावून पाहा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बपाशी १२.५ असेल तर उजेड वायरिंगमध्ये आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये मुरतोय. व्होल्टेज थोडं कमी झालं तरी हॅलोजनचा उजेड त्या मानाने खूपच जास्त घटतो, त्यामुळे ही पाच मिनिटांची तपासणी टाळू नका.

सगळं झालं की फोकस बघा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या सीटवर कुणी तरी बसलेलं, डॅशबोर्डवर दिव्याची उंची बदलायचं बटण असेल तर शून्यावर. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपरची आडवी कड त्या खुणेच्या सुमारे ५ सेंटीमीटर खाली आली पाहिजे आणि डाव्या बाजूला ती वर चढलेली दिसली पाहिजे. आतापर्यंत धूसर काचेने उजेड विखुरत होता, म्हणून चुकलेला फोकस कुणाच्या लक्षात आला नव्हता. काच साफ झाल्यावर तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जाईल.

पुढे टिकवायचं तर सकाळी गाडी पुसणाऱ्याशी बोला. एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात. आधीच्या गाडीच्या चाकाजवळची रेती तुमच्या दिव्यावर येते. दिव्यांवर आधी साधं पाणी ओतायचं आणि मग पुसायचं, एवढं जरी त्याने पाळलं तरी चरे खूप कमी होतात. त्याला दोन वेगळी मायक्रोफायबर फडकी देऊन ठेवा, कोरड्या धुळीवर कापड फिरवू नको म्हणून सांगा. शेजारी बांधकाम किंवा मेट्रोचं काम चालू असेल तर ती सिमेंटची धूळ म्हणजे जणू पॉलिश पेपरच. शक्य असेल तर गाडीचं तोंड भिंतीकडे किंवा इमारतीच्या सावलीकडे करून लावा.

गॅरेजवाला बदलायला सांगतो ते तीन बाबतींत बरोबर ठरेल: भेगा पोटात गेल्या असतील, रिफ्लेक्टर गेला असेल किंवा दिवा पकडणाऱ्या प्लॅस्टिकच्या कानांपैकी काही तुटले असतील. तसं असेल तर ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत कंपनीच्या मूळ दिव्याची किंमत आधी विचारून घ्या. स्वस्तातल्या नकली दिव्याच्या काचेवर कडक थर नावापुरताच असतो आणि दोन पावसाळ्यांत तो पिवळा पडतो. असा दिवा घेतलाच तर नवा असतानाच त्यावर पीपीएफ लावून टाका. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून मूळ दिवा घेत असाल तर सगळे कान मोजा, आत पाण्याचे ओघळ वाळल्याच्या खुणा बघा, आणि बारा व्होल्टची बॅटरी लावून डिपरची कड डावीकडेच चढते ना, ते भिंतीवर तपासा. उजवीकडून गाडी चालवणाऱ्या देशांतल्या गाड्यांचे दिवेही या बाजारात येतात. त्यांची कड उजवीकडे चढते, म्हणजे नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.